माइनक्राफ्टमध्ये सातपुड्याची सोंड कशी उभारावी

माइनक्राफ्टमध्ये पहिल्यांदा डोंगर करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा मधोमध एक उंच खांब उभा करतो आणि त्याच्याभोवती ब्लॉक रचत रचत खाली येतो. शेवटी जे तयार होतं ते खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीसारखं दिसतं. चारही बाजूंनी सारखा उतार, वर टोक. खान्देशातला डोंगर असा नसतो. मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याकडे येताना लळिंगचा डोंगर पाहा, पाटणादेवीला मान वर करून पाहा किंवा तोरणमाळचा घाट चढताना समोरची भिंत पाहा. उभा कडा, त्याखाली थोडी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी.

यामागचं कारण आधी समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि वरचा भाग सच्छिद्र, लवकर झिजणारा. घट्ट भागाचा कडा झाला, मऊ भागाची सपाटी झाली. या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ट्रॅप हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. म्हणून गेममध्येही डोंगर रचायचा नाही. आडवे थर रचायचे आणि मग पाण्याने कापावेत तसे ते कापायचे.

या लेखात १२८ × १२८ ब्लॉकच्या तुकड्यावर सातपुड्याच्या पायथ्याची एक सोंड (डोंगरातून पुढे आलेला लांबट भाग), तिच्या कडेचा नाला आणि खालची वावरं तयार करू. मोबाइलवरची बेडरॉक आवृत्ती असो की संगणकावरची जावा, पद्धत तीच. वेगळा मॉड लागत नाही.

जग आणि पाया

नवीन वर्ल्ड क्रिएटिव्ह मोडमध्ये, सुपरफ्लॅट प्रकारात आणि चीट्स चालू ठेवून बनवा. दिवस-रात्र, पाऊस आणि प्राण्यांची पैदास बंद करा. बेडरॉकमध्ये सेटिंगमधून कोऑर्डिनेट्स दाखवायला सांगा. जावामध्ये एफ-३ दाबलं की दिसतात. एक्स वाढला की पूर्वेकडे, झेड वाढला की दक्षिणेकडे, वाय म्हणजे उंची. सातपुडा तापीच्या उत्तरेला आहे, तेव्हा डोंगर शून्य झेडच्या बाजूला आणि वावरं १२७ झेडच्या बाजूला येतील. (कमांड आणि आकडे गेममध्ये इंग्रजीतच टाइप करायचे.)

सुपरफ्लॅट जमीन फक्त चार थरांची असते: खाली एक बेडरॉकचा (इथे बेडरॉक म्हणजे सर्वांत तळाचा दगड, आवृत्ती नव्हे), त्यावर दोन मातीचे, वर एक गवताचा. इथेच नवख्यांची पहिली अडचण होते. नाला खणायला घेतला की तिसऱ्या कुदळीला बेडरॉक लागतो आणि मग नाला उथळ, सपाट गटारासारखा राहतो. म्हणून आधी जमीन १२ थरांनी उचलून घ्या.

त्यासाठी फिल कमांड वापरा: दोन टोकांचे कोऑर्डिनेट्स आणि ब्लॉकचं नाव दिलं की ती मधली सगळी जागा त्या ब्लॉकने भरते. एका वेळी ती ३२,७६८ ब्लॉक भरते, त्याहून जास्त सांगितले तर नाकारते. १२८ गुणिले १२८ गुणिले २ बरोबर ३२,७६८ होतात, म्हणजे एका कमांडमध्ये पूर्ण तुकड्याचे दोन थर. पाच कमांडमध्ये दगडाचे दहा थर, सहाव्या कमांडमध्ये मातीचे दोन. सुपरफ्लॅटवर उभं राहिल्यावर पायाचा वाय साधारणपणे उणे ६० दिसतो. तर पहिली फिल शून्य, उणे ६०, शून्यपासून १२७, उणे ५९, १२७ पर्यंत. सहाव्यानंतर जमिनीचा वरचा ब्लॉक उणे ४९ वर येतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे शेवटचा आकडा १२८ टाकणं. दोन्ही टोकं मोजली जातात, त्यामुळे शून्य ते १२८ म्हणजे १२९ ब्लॉक होतात आणि कमांड मर्यादेबाहेर जाते. जागा लोड नाही असा संदेश आला तर तुकड्याच्या मध्यावर जाऊन उभे राहा, तरीही आला तर चौथाई चौथाईने भरा: ६४ × ६४ × ८ म्हणजेही ३२,७६८ च. फिलला मागे फिरण्याची सोय नाही. प्रत्येक मोठ्या टप्प्याआधी वर्ल्डची प्रत काढून ठेवा.

नकाशावरून समोच्च रेषा

मनाने काढलेली टेकडी गोल होते. खरी टेकडी हवी असेल तर नकाशा घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीत २० मीटरच्या अंतराने असतात. उंचीला एक ब्लॉक म्हणजे ४ मीटर धरा, म्हणजे प्रत्येक रेषा ५ ब्लॉकची. आडवं मात्र एक ब्लॉक म्हणजे ८ मीटर धरा. उंची दुप्पट ताणली जाते आणि ती ताणायलाच हवी. खऱ्या मापाची टेकडी खेळाडूच्या डोळ्यांना चपटी दिसते.

१२८ ब्लॉक म्हणजे १,०२४ मीटर, नकाशावर साधारण २ सेंमीचा चौकोन. तेवढा चौकोन आठपट मोठा छापून घ्या: १६ सेंमीचा कागद होईल. त्यावर २ सेंमीच्या रेघा मारल्या की प्रत्येक घर १६ ब्लॉकचं, आणि १ सेंमी म्हणजे ८ ब्लॉक. यावल किंवा रावेर तालुक्याच्या उत्तरेचा एखादा तुकडा निवडा, ज्यात एका बाजूला रेषांची दाटी आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा असेल.

रेषा डोंगराकडे आत वळली की तिथे नाला, उताराकडे पुढे आली की तिथे सोंड. एवढं वाचता आलं की पुरे.

आता लोकरीच्या ब्लॉकनी सर्वांत खालची रेषा जमिनीवर, उणे ४८ वर मांडा. प्रत्येक पातळीला वेगळा रंग घ्या, नाहीतर तिसऱ्या थरानंतर गोंधळ उडतो. रेषा उत्तरेच्या कडेला तुटत असेल तर तुटू द्या, डोंगर पुढेही आहे असं दिसलं पाहिजे. रेषेच्या आतला भाग फिलने ५ ब्लॉक उंच दगडाने भरा: आधी सर्वांत मोठा आयत, मग उरलेल्या तुकड्यांत लहान आयत, शेवटचे दोन-तीन ब्लॉक हाताने. त्याच्या माथ्यावर पुढची रेषा, पुन्हा तेच. सहा रेषांची सोंड घेतली तर माथे उणे ४४, ३९, ३४, २९, २४ आणि १९ वर येतात, एकूण उंची ३० ब्लॉक.

या घडीला समोर केकच्या थरांसारखं काहीतरी उभं असेल. बरोबर आहे. घाबरून मोडू नका.

कडा, सपाटी, पायथा

सगळं कौशल्य इथे आहे, तेव्हा सर्वांत जास्त वेळ इथेच द्या.

कागदावर दोन रेषांमध्ये ६ मिमीपेक्षा कमी अंतर असेल तिथे कडा ठेवायचा. १ ते २ सेंमी असेल तिथे उतार करायचा. अडीच सेंमीच्या पुढे म्हणजे २० ब्लॉकपेक्षा जास्त, तिथे जमीन जवळजवळ सपाट सोडायची.

पाच ब्लॉकचा कडा एकटा फारसा उठत नाही, कारण त्याचा खालचा भाग दरडीत, म्हणजे कड्यावरून सुटलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यात, बुडतो. वरच्या दोन पातळ्या एकत्र करून १० ब्लॉकचा एक मोठा कडा करा आणि खाली एखादा ५ चा. सगळे कडे सारख्या उंचीचे झाले तर डोंगर जिन्यासारखा दिसतो.

एक उभा काप जवळून पाहू. माथा उणे १९. तिथून सरळ खाली उणे २९ पर्यंत कडा. कड्याच्या पायाशी दरड: भिंतीला लागून एक ब्लॉक रुंदीत ३ उंच, पुढे दोन ब्लॉक २ उंच, पुढे तीन ब्लॉक १ उंच. म्हणजे दहापैकी सातच ब्लॉक उघडे दिसतात. त्यानंतर सपाटी, जी पाच ब्लॉक उतरते, आणि प्रत्येक उतरणीआधीची धाव, म्हणजे एक ब्लॉक उतरण्याआधीची सपाट लांबी, २, २, ३, ३, ४ अशी. मग दुसरा कडा, उणे ३४ वरून उणे ३९ वर, पायाशी दोन ब्लॉकची दरड. शेवटी पायथ्याचा लांब उतार, दहा ब्लॉकचा: धावा १, १, २, २, ३, ४, ५, ७, ९, १२. वर दाट पायऱ्या आणि खाली येताना लांबत जाणाऱ्या, म्हणजे उतार आतल्या बाजूने वाकलेला. वरून वाहून आलेली माती पायथ्याशी अशीच पसरते. नकाशा मिळाला नाही तर हा एकच काप घेऊन त्यात फेरफार करत गेलात तरी चालेल.

फेरफार मात्र केलाच पाहिजे. तेच आकडे शंभर ब्लॉक लांबीभर तसेच ठेवले तर जमिनीवर समांतर रेघा उमटतात, आणि दुरून त्याच आधी दिसतात. दर ५ ते ८ ब्लॉकवर धावा बदला, काही पायऱ्यांना जिभेसारखी पुढे काढा, शेजारची मागे ओढा.

कड्याच्या तोंडासाठी दोन नियम. एका सरळ रेषेत ६-७ पेक्षा जास्त ब्लॉक नकोत, भिंत एक-दोन ब्लॉक आत-बाहेर होत राहिली पाहिजे. आणि भेगा उभ्या काढा, आडव्या नव्हे. बेसॉल्ट, म्हणजे या लाव्हाचा दगड, थंड होताना उभा तडकतो. एक ब्लॉक रुंद, तीन-चार ब्लॉक उंच अशा खाचा, ४ ते ९ ब्लॉकच्या अनियमित अंतराने. जिथे खाच तिथे तिच्या पायाशी दरड जास्त पसरवा, कारण दगड तिथूनच सुटतात. ही एक जोड केली की भेग आणि दरड एकमेकांशी बोलायला लागतात आणि कडा जिवंत होतो.

दरडीत ग्रॅव्हल वापरताना लक्षात ठेवा: वाळू आणि ग्रॅव्हल खालचा आधार काढला की पडतात. आधी सगळं खोदकाम संपवा, मग ग्रॅव्हल टाका.

नाला

नाल्याची जागा नकाशाने आधीच ठरवून दिलेली आहे. डोंगरात तो वर तीन ब्लॉक रुंद, इंग्रजी व्हीसारखा. खाली वावरात आला की ५ ते ९ रुंद, तळ सपाट, दोन ते चार ब्लॉक खोल. सपाटीत दर १०-१२ ब्लॉकला एक ब्लॉक उतार पुरे. सरळ वाट दहा ब्लॉकच्या वर नको. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी मारतं, म्हणून तो काठ उभा कापा. आतल्या काठाला गाळ बसतो, तिथे वाळू-ग्रॅव्हलचा हळू उतार द्या. दोन्ही काठ सारखे केले की नाला पाटबंधाऱ्याच्या कालव्यासारखा दिसतो.

नाला जिथे कडा ओलांडतो तिथे कड्याला ३-४ ब्लॉक रुंद, दोन ब्लॉक खोल खाच पाडा आणि कडा तेवढ्या भागात चार-पाच ब्लॉक आत ढकला. धबधबा स्वतःच्या पायाखालचा दगड खात मागे सरकतो, त्यामुळे मनुदेवीला दिसतं तसं अर्धगोल आवार तयार होतं. पायाशी ५ × ५ चा, तीन ब्लॉक खोल डोह.

पाणी भरताना नवखे सगळ्या उतारावर बादल्या ओततात. उगमाचा ब्लॉक सपाटीवर सात ब्लॉक वाहतो आणि संपतो, त्यामुळे नाल्यात तुटक पट्टे आणि काठावर सांडलेलं पाणी मिळतं. सोपा उपाय खान्देशातच आहे: आपले बहुतेक नाले आठ महिने कोरडे असतात. नाला कोरडा करा, तळात ग्रॅव्हल आणि मोठे दगड, आणि पाणी फक्त डोहांत. डोह भरायला त्या आयतावर पाण्याची फिल ‘कीप’ जोडून द्या, म्हणजे ती फक्त रिकाम्या जागा भरते, दगडाला हात लावत नाही. पाण्याची पातळी डोहाच्या काठापेक्षा एक ब्लॉक खाली ठेवा. डोहाच्या बाजूला तुम्ही एखादी गुहा पोकळ ठेवली असेल आणि ती त्या आयतात येत असेल तर तीही भरून जाईल.

तापीचा काठ पहिल्याच वेळी घेऊ नका. तिथल्या खोल गाळात कापलेल्या उभ्या घळी सुंदर दिसतात, पण जवळपास प्रत्येक ब्लॉक हाताने काढावा लागतो.

दगड आणि माती

आधी ऋतू ठरवा. एकाच तुकड्यात हिरवीगार टेकडी आणि भेगाळलेला नाला शोभत नाही. इथे मे महिना धरला आहे.

कड्यासाठी दहा ब्लॉकमागे साधारण पाच स्टोन, तीन अँडेसाइट, दोन टफ. ते एकाआड एक पेरू नका, नाहीतर तीळ टाकल्यासारखे ठिपके दिसतात. एका जातीचे ४ ते ७ ब्लॉक चिकटून, असे पट्टे करा. खाचांच्या आजूबाजूला बेसॉल्टचे खांब उभे लावा. हा ब्लॉक लाकडाच्या ओंडक्यासारखा दिशा धरतो: दुसऱ्या ब्लॉकच्या बाजूला चिकटवला तर आडवा पडतो. म्हणून खालच्या ब्लॉकच्या माथ्यावर टेकवूनच लावा. धबधब्याच्या ओलसर जागी स्मूथ बेसॉल्ट.

दोन लाव्हा थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी लाल मातीचा भाजलेला पट्टा दिसतो. मोठ्या कड्याच्या पायाशी, उणे २९ वर, एक ब्लॉक जाडीचा टेराकोटा द्या. अर्धा भाग दरडीने झाका, अर्धा उघडा. मात्र डोंगराच्या कुठल्याही बाजूला तो याच उंचीवर आला पाहिजे. थर आडवे आहेत, पट्टा वर-खाली झाला तर सगळा डोंगर खोटा वाटतो.

सपाटीवर कोर्स डर्ट जास्त, माती कमी, गवत त्याहून कमी. साध्या मातीवर शेजारचं गवत पसरत जातं आणि चार दिवसांनी वर्ल्ड उघडलं की बरड हिरवं झालेलं असतं. कोर्स डर्टवर गवत चढत नाही. त्यावर वाळकी झुडपं लावा. नव्या आवृत्त्यांमध्ये वाळलेलं गवतही मिळतं. अकेशियाचं झाड म्हणजे आपली बाभूळ, ती नाल्याच्या काठी आणि बांधावर विरळ लावा. माथ्यावर झाडं जवळजवळ नकोत.

धुळे-नंदुरबारकडचा तुकडा करत असाल तर डाइक विसरू नका. जमिनीतल्या उभ्या भेगेत लाव्हा गोठून झालेली ही भिंत मैलोन् मैल सरळ जाते, साधारण पूर्व-पश्चिम. गेममध्ये दोन ब्लॉक रुंद, तीन-चार उंच, माथा तुटका, आणि पूर्वेकडे जाताना दर चार ब्लॉकला एक ब्लॉक उत्तरेला सरकणारी. बाकी सगळं थरांप्रमाणे चालतं, हीच एक गोष्ट थर कापून जाते, म्हणून ती समोच्च रेषांची पर्वा न करता सरळ न्या. एकाच गडद दगडात करा, कॉबल्ड डीपस्लेट चांगला. नाल्याने ती फोडली तिथे चार-पाच ब्लॉकची खिंड, आणि नाल्याच्या खालच्या अंगाला तिचे दगड विखुरलेले.

वावरांकडे वळण्याआधी एक चाचणी घ्या. उडणं बंद करून नाल्यापासून माथ्यापर्यंत पायी जा. खेळाडू एक ब्लॉक उडी मारतो, दोन नाही. शेळ्या चढतील अशी एक तरी वाट सापडली पाहिजे, बहुधा नाल्याच्या खाचेजवळ. सगळीकडून सहज चढता आलं तर कडे कमी पडले, कुठूनच नाही तर दरड कमी पडली. मग दक्षिणेच्या टोकाला जाऊन पाहा. रेंडर डिस्टन्स निदान ८ चंक ठेवा, कारण ८ चंक म्हणजेच १२८ ब्लॉक.

वावर आणि पाट

शेतं आणि झाडं नकाशाच्या मापाने करायची नाहीत, खेळाडूच्या मापाने करायची. आठ मीटरला एक ब्लॉक धरला तर केळीचा मळा दोन-चार ब्लॉकमध्येच संपेल.

काळ्या जमिनीला मडचा ब्लॉक सर्वांत जवळचा: रंग गडद, गवत पसरत नाही, पायाने मोडत नाही. वावरं सरळ चौकोनात न आखता नाल्याला समांतर आखा, मध्ये एक ब्लॉकचा बांध, त्यावर गवत. गेममध्ये केळी नाही. बिग ड्रिपलीफ दोन-तीन ब्लॉक उंच वाढवून एक ब्लॉक सोडून एक लावला की दुरून केळीची बाग वाटते. मडवर तो लागतो.

हिरवं पीक हवं असेल तर पांझरा नदीवर चालत आलेली फड पद्धत उचला: नाल्यात बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांखाली फड. बंधारा दोन ब्लॉक जाड, नाल्याच्या काठाएवढा उंच, डोंगराच्या बाजूला. गेममधली नांगरलेली जमीन पाण्यापासून चार ब्लॉकपर्यंत ओली राहते, पाणी तिच्याच पातळीवर किंवा एक ब्लॉक वर असेल तर. म्हणून चाऱ्या दर नऊ ब्लॉकला: चार ओळी, चारी, चार ओळी. वावर एक ब्लॉक उतरलं की चारीही एक ब्लॉक उतरवा, नाहीतर खालच्या ओळी कोरड्या पडतात. चारीचा तळ मातीचा असू द्या आणि पाणी फिलने भरा, बादलीने नव्हे, म्हणजे प्रत्येक ब्लॉक उगमाचा होतो आणि सातव्या ब्लॉकला पाणी तुटत नाही.

पाट मात्र कधीही सरळ ओढू नका. सरळ ओढला तर कुठे तो जमिनीत गाडला जातो, कुठे हवेत लटकतो. पाणी एका पातळीत न्यायचं असेल तर पाट समोच्च रेषेवरून फिरला पाहिजे. सर्वांत खालच्या रेषेची लोकर तुम्ही सुरुवातीला मांडली होती, तिचा बराचसा भाग पायथ्याच्या उताराखाली अजून असेल. बंधाऱ्यापासून तो रंग उकरत जा, त्याच्या शेजारून एक ब्लॉक रुंद, एक ब्लॉक खोल चर काढा आणि पाणी सोडून झालं की लोकर काढून जागी माती भरा.